मिठाचा हात

हुरमतबी म्हणाली, पावसाआधी घेऊ नकोस.
चार महिने चिखलात उभं राहून
जिनं खूर कुजू दिले नाहीत ती बकरी.
बाकीच्यांना नुसती शिंगं असतात.

म्हणून दसरा झाल्यावर
दाभोळहून पहिल्या फेरीबोटीनं धोपाव्याला,
आणि तिथून चढण,
कोंडू ढेब्याच्या धनगरवाड्यापर्यंत.
कमरेला पिशवी. सुकट विकून साठवलेले एकवीस हजार,
आणि वर पाचशे, जे नाहीतच असं धरायचं.

बाजारात का नाही?
बाजारात ती एकटी येते, हुरमतबी धापा टाकत म्हणाली,
घरी तिची आय दिसते, बहीण दिसते,
रात्री कोण खोकलं ते शेजारीण सांगते.
बाजारात मीठ चारतात, मग पाणी पाजतात,
पोट टम्म, काटा खाली.
खाडीवर राहणाऱ्या बाईनं
पाणी कशाला विकत घ्यायचं?

मी मासळी बघणारी.
कल्ला उचलून लाल आहे का बघते,
डोळा वर आहे की आत गेला,
बोट दाबलं की खळगा भरतो का.
मेलेलं किती ताजं, एवढंच कळतं मला.
जिवंत किती जिवंत, हे कोणी शिकवलं नव्हतं.

पहिली आवडली ती पांढरीशुभ्र, गळ्यात निळे मणी.
हुरमतबीनं शेपटी उचलली.
पुढून नवरी, म्हणाली, मागून पातळ.
पुढे चल.

दुसरी काळी, नाकापासून कानापर्यंत दोन पांढऱ्या रेघा.
चार दाती. खालची पापणी ओढून बघितली,
गुलाबी, बांगड्याच्या कल्ल्याहून जरा फिकी.
चालेल?
चालेल. पांढरी असती तर रक्त जंतांनी प्यालं असतं.
कास भरलेली होती, मला वाटलं झालं काम.
पण आधी पिळ म्हणाली ती कोंडूच्या बायकोला,
भरलेली कास कुणीही दाखवतं.
पिळून झाल्यावर कास लोंबली
रिकाम्या पिशवीसारखी, मऊ, दोन्ही सड सारखे.
घट्ट राहिली असती तर आत दूध नव्हे, नुसतं मांस.

मग बोकड. तांबूस, वर्षाचा.
माकडहाडापासून वर हात फिरवायचा,
कणा बोटांना टोचता कामा नये.
कान फाटका नाही, शिंग तुटलेलं नाही.
तुझ्या जत्रेला चालेल, आमच्या ईदेलाही चालेल,
म्हणाली, ज्याचा सण आधी त्याचा.
कोंडू हसला. मीही हसले,
आणि तेवढ्यात त्यानं माझं मनगट चाटलं.

खरखरीत, लांब जीभ. पुन्हा. मग दुसरा हात.
मीठ गं, कोंडू म्हणाला, वर कुठं मिळतं त्यांना?
काळी मात्र हुंगून शिंकली, मासळीचा वास,
आणि तोंड फिरवून कुंपणाची पालवी ओढू लागली.

एकवीस हजार दोनशेला तुटलं.
नसलेल्या पाचशेतले दोनशे गेले.

कोंडूची बायको वाटेपर्यंत आली.
काळीला नाव ठेव, म्हणाली, नावानं पान्हा सोडते.
याला नको. याला रंगानं हाक मार.

परतीच्या बोटीत दोघांची तिकिटं काढली.
काळी भिंतीला अंग लावून थरथरत होती.
तांबूस उभा, चारही पाय पसरून,
समोरून येणाऱ्या वाऱ्याकडे बघत.
तिकीट तपासायला पोरगा आला तेव्हा
त्यानं माझ्या हातातलं आपलं तिकीट
शांतपणे चावून गिळलं.
सगळे हसले. पोरगाही हसला.

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.
कौतुकानं ठेवला असं वाटलं मला.
धक्का येईपर्यंत बोटं
कणा शोधत होती.